मोतीबिंदूच्या आदल्या दिवशी

सुकेशनी, उद्या सकाळच्या गाडीनं मी नांदेडला.
उजवा डोळा. पंधरा मिनिटांचं काम आहे म्हणतात.
दुकान चार दिवस तुझ्याकडं.

किल्ली दोनदा फिरव, एकदा फिरवली की
कुलूप लागल्यासारखं वाटतंय, लागत नाही.
फ्लॅशची छत्री डावीकडून फाटलीय
म्हणून मी उजवीकडं धरतो,
त्यात काही कला-बिला नाही.

मोंढ्यात हळद सुरू झाली की
आपल्याकडं पांढरं काही पांढरं राहत नाही.
सदरे, दात, शाळेचे मोजे, सगळ्यावर पिवळी झाक.
वहीचं कोरं पान गिऱ्हाइकाच्या हातात दे,
आधी ते कॅमेऱ्याला दाखव,
सांग त्याला, बाबा, हे पांढरं.
रोज नव्यानं सांगावं लागतंय.

हसा म्हणू नको कुणाला.
हसा म्हटलं की माणूस दाढ दुखल्यावानी करतो.
विचार, बैल कितीला गेला.
विचार, जावई काय म्हणतो.
उत्तर ओठांवर यायच्या आत बटण दाब.

स्थळासाठी पोरगी घेऊन आलेला बाप
कानाशी लागून म्हणंल, जरा उजळ करा.
मान हलव. करू नको.
स्टूल खिडकीकडं वीतभर सरकव,
गालावर पडंल तेवढा उजेड तिचा.
वरून चोपडायचा नाही.

वसतिगृहाची पोरं येतील, शिष्यवृत्तीचे फॉर्म सुटलेत.
त्यांचे पैसे आपण घेत नाही,
पण फुकट हा शब्द तोंडातून काढू नको.
म्हण, सुट्टे नाहीत, पुढच्या बारीला दे.
एखादा हट्टी म्हणंल, मांडून ठेवा.
तर मांड, गल्ल्याखालच्या लाल वहीत.
तिची बेरीज मी कधी केली नाही.

मंगळवारी कुरुंद्याला जायचं राहिलंय, तू जा.
माणूस गेल्यावर घरचे येतात आपल्याकडं
लग्नातल्या घोळक्याचा फोटो घेऊन,
मागच्या रांगेत, मांडवाच्या खांबाआड, अर्धा कान अन् पदर.
ही आमची माय, हिला मोठी करा.
अर्धा कान किती मोठा करणार, सांग?
म्हणून मी जित्तेपणीच जातो.
ओट्यावर बसवतो, सकाळी नऊच्या आत,
कपाळावर ऊन यायच्या आधी.
फ्रेम आपली. हाराचा खिळा ज्याचा त्यानं बघावा.
केवळाबाईनं तर फोटो गोठ्याच्या दारावर लावला.
मी लेकीकडं गेले की म्हैस पान्हा चोरती, म्हणाली,
आता बसंल माझ्याकडं बघत.

खालच्या खणात एक पत्र्याचा डबा आहे.
फोटो काढून झाला की माणसं उठून दाराकडं जातात ना,
तशी पाठमोरी, चारशेच्या वर.
समोरून सगळे जरा दुसऱ्याच कुणासारखे बसतात.
पाठीला बसायचं कळत नाही.
आधी न विचारता काढायचो,
मग एक बाई रागावली, लई बोलली, बरोबर होती ती.
आता विचारतो. निम्मे नाही म्हणतात.
डबा उघडलास तर उघड,
विकायला नाही काही त्यात.

डॉक्टरनं विचारलं, चाँदपाशा, कसं दिसतंय?
त्याला काय सांगू.
रिळाच्या जमान्यात नवरीचा फोटो काढताना
फिल्टरच्या काचेला कडेकडेनं
व्हॅसलीनचं बोट फिरवायचो मी.
मधे चेहरा, भवती धुकं, सासरचे खूश.
आता बोट नाही, काच नाही,
तरी आख्खं वसमत नवरीवानी दिसायलंय.
पाण्याची टाकी, रिक्षा, नगरपालिकेचा उकिरडा पण.
खरं सांगू का,
दोन दिवस उशिरा गेलो तरी चाललं असतं.

बरं. दवाखान्याला दोन पासपोर्ट लागतात,
लाव लाइट, मी बसतो.
हसा म्हणू नको.
अन् मी उठून दाराकडं निघालो की
कॅमेरा लगेच खाली ठेवू नको.
मी हो म्हणलोय.