चाळीस सेंटिमीटर

आमच्या नगररचना खात्यात घरं पिवळी असतात,
दुकानं तांबडी, कारखाने जांभळे,
आणि सरोवर निळं, कारण त्याचा रंग
आम्हाला विचारून ठरलेला नाही.

मार्चमध्ये राइया हिएतालाच्या कुंपणावर
नोटिशीची पाटी ठोकायला गेले.
लाकूड गोठलेलं, खिळा वाकत होता.
तीच आतून मोठी हातोडी घेऊन आली,
म्हणाली, माझ्या नावाची आहे ना, मग नीट बसू दे.

परसातला सौना तिच्या बापाने बांधलेला,
देवदाराच्या ओंडक्यांचा. गेल्या हिवाळ्यात छत बसलं.
पुन्हा उभारायचा तर आजचा नियम लागतो:
हद्दीपासून दीड मीटर.
जुना होता एक मीटर दहावर.
मी टेप तीनदा धरली. थंडीत टेपही आखडते,
पण चाळीस सेंटिमीटर नाही आखडत.

फाइलीत हरकत एकच.
शेजारचे कार्मिने ब्रेसान, वय एक्याऐंशी,
पेन्सिलीने: मला बोलायचं आहे.
कारणाचा रकाना कोरा.

सभेत पहिला विषय बंदराचा.
धान्याच्या जुन्या कोठारांची जागा, सतरा हेक्टर,
जांभळ्याची तांबडी करायची.
टोरांटोहून आलेल्या माणसाने पडद्यावर झाडं दाखवली,
आमच्याकडे एक जानेवारी न काढणारी,
आणि त्यांच्या सावलीत बिनकोटाची माणसं.
अध्यक्षांनी विचारलं, कुणाची हरकत?
हीटर घरघरला.
अकरा मिनिटं. माझी कॉफी अजून गरम होती.

मग राइयाचा सौना.
धूर कुठे जाणार, छतावरचा बर्फ कुणाच्या अंगणात घसरणार,
चिमणी किती उंच, का इतकी उंच.
एकाने विचारलं, रोज पेटवणार का?
शनिवारी, ती म्हणाली,
जणू शनिवार दुसऱ्या कशासाठी असतो का.

तासाभराने ब्रेसान उठले. टोपी हातात.
कुंपण चुकीचं आहे, म्हणाले.
एकसष्ट साली आमची द्राक्षं आगगाडीने यायची,
पेट्यांचा ट्रक बोळात अडकायचा, दोन्ही आरसे फुटले.
हिच्या बापाने एका दुपारी काही न बोलता
खांब उपटले आणि सोळा इंच
स्वतःच्या अंगणात सरकवून पुन्हा रोवले.
मग माझे वडील गेले, ट्रक गेला,
खांब कुणी परत नेले नाहीत.

कागद? चिटणीसबाईंनी विचारलं. भाडं, करार, काही लेखी?

दर शनिवारी आम्हाला वाफेला बोलवायचे.
आम्ही वाइन न्यायचो.
याचं काय लिहिणार?

मग हरकत कशाला घेतलीत?

खिडकीवरच्या बाई म्हणाल्या,
हरकत असेल त्यालाच बोलता येतं.

खिडकीवरची बाई मीच होते.

मेमध्ये बर्फ गेल्यावर मोजणीदार आला.
जुना लोखंडी खुंट सापडला तो ब्रेसानच्या
टोमॅटोच्या वाफ्यात, गंजलेला, जागच्या जागी.
रेघ कधी हललीच नव्हती.
सरकलं होतं ते कुंपण, आणि तेही
एका माणसाला दुसऱ्याची अडचण दिसली म्हणून.

नकाशात फरक शून्य. पिवळ्याला लागून पिवळं.
शेवटच्या रकान्यात मी लिहिलं: हरकत नाही.
सतरा हेक्टरच्या फाइलीवरही
हेच दोन शब्द आहेत, माझ्याच अक्षरात.

ब्रेसानने वाफा फूटभर अलीकडे घेतला.
शनिवारी त्या गल्लीत धूर दिसतो.

बंदराकडे जाते कधीकधी.
टेप पिशवीत असते.
कुठून कुठवर धरायची, ते कळत नाही.