अर्धा मिलिमीटर

चेन्नईचा माणूस फोनवर म्हणाला, मिळेल,
पण निदान पन्नास कातडी घ्यावी लागतील.
मला हवा होता तळहाताएवढा तुकडा,
सालीत कमावलेला, अर्धा मिलिमीटर,
म्हणजे दोन पोस्टकार्डं एकावर एक.

गंजगोलाईत दुकानदारानं पुढं टाकलं
पातळ, मऊ, सुरेख काहीतरी.
मी कापलेली कड पाहिली. निळसर.
क्रोमचं. घडी घालून परत दिलं.
"रंग काय, वरून देता येतो की," तो म्हणाला.
हो. येतो.

मग उदगीर. वस्तीच्या पार टोकाला, नाल्याच्या अंगानं.
रामलिंग हुलसुरे. वय विचारलं तर म्हणाले,
"रझाकारात रांगत होतो."
बाभळीला बकऱ्याचं कातडं टांगलेलं,
शिवून पुन्हा बकऱ्याएवढं केलेलं,
आत बाभळीची साल, तरवडाची साल, पाणी.
पायांच्या टोकांतून लालसर गळत होतं
खाली घमेल्यात, आणि घमेलं भरलं की
म्हातारा गुडघ्यावर हात देऊन उठायचा,
मानेतून पुन्हा आत ओतायचा.
किती दिवस चालतं हे?
"त्याचं पोट भरूस्तोवर."

एक तयार कातडं काढून दिलं. कॅलिपर लावला.
एक पूर्णांक दोन.
याहून पातळ?
"एवढं पातळ बकरूच नसतंय, माय.
तासावं लागतंय."

जाताना आडनाव विचारलं. सांगितलं,
वडिलांनी शाळेच्या दाखल्यावर बदलून घेतलेलं.
"त्याच्या आधलं?"
तेही सांगितलं. खूप वर्षांनी तोंडातून निघालं,
जरा अडखळत.
त्यांनी पैसे पुरते घेतले, दहा रुपयेसुद्धा सोडले नाहीत.
वर एक रापी दिली,
मुठीला सुतळी गुंडाळलेली, मधे झिजून चंद्रकोर झालेली.

स्वयंपाकघरात, ओट्याच्या ग्रॅनाइटवर,
रात्री अकरानंतर.
पहिला तुकडा मधोमध फाटला.
दुसऱ्याला खिडकी पडली.
तिसरा बरा होता, आणि मग मला शिंक आली.
आतली बाजू वर, रापी जवळजवळ आडवी,
ढकलायची नाही, नुसती जाऊ द्यायची:
भुगा कांद्याच्या पापुद्र्यासारखा गोळा होतो,
पायाला चिकटून पार बिछान्यापर्यंत येतो.
एक पूर्णांक शून्य. शून्य पूर्णांक आठ.
सहाला पोचल्यावर हात थरथरायला लागतो,
कारण आता चूक करायला जागाच उरलेली नसते.

पाचला ट्यूबलाइटपुढं धरलं.
उजेड आरपार आला, चहासारखा.
त्यात शिरांचं जाळं, गोचिडाचे दोन ठिपके,
आणि एक लांब ओरखडा, कुठल्यातरी कुंपणाचा,
भरून आलेला.
जाडीत हे काहीच दिसलं नव्हतं.

त्याची डबी केली. पाण्यानं भिजवून
लाकडी ठोकळ्यावर बसवली, वाळवली, अकरा टाके घातले.
वडिलांच्या कानातल्या यंत्रासाठी.
ते नेहमी खिशात टाकतात, मग धोब्याकडं जातं.

एकतीस वर्षं जिल्हा बँकेत रोखपाल.
घरी आल्यावर आधी हात, कोपरापर्यंत,
दोनदा साबण लावून. नोटांमुळं, म्हणायचे.
पायातली चप्पल कायम रबराची.
मी कधी विचारलं नाही.

त्यांनी यंत्र कानातून काढलं, तळहातावर ठेवलं,
डबी घेतली,
आणि उघडून बघायच्या आधी
नाकाशी नेली.

बराच वेळ.
बाहेर गॅसवाल्यानं सिलिंडर आपटलं, त्यांना कळलं नाही.
अंगठा एका जागी फिरत होता, कडेला,
जिथं मी सगळ्यात जास्त तासलं होतं.

"तरवड आहे," म्हणाले.
मग, जरा मोठ्यानं, ऐकू न येणारी माणसं बोलतात तसं:
"कुणाकडचं?"

मी नाव सांगितलं.
यंत्र अजून त्यांच्या तळहातावरच होतं.
मी पुन्हा सांगितलं नाही.
त्यांनीही पुन्हा विचारलं नाही.