आटे

फोटो सगळे जावयाच्या मोबाइलमध्ये राहिले,
म्हणून धनकवडीत कुणाला दाखवता येत नाहीत.
नुसतंच सांगतो.

नायगारा पाहिला. अमेरिकेच्या बाजूनं.
कॅनडाचा व्हिसा नव्हता,
त्यामुळे धबधब्याच्या खांद्यापाशी उभं राहून पाहिला.
तोंड त्याचं तिकडे.
"समोरून बघायचा तर पलीकडूनच," निरंजन म्हणाला.
लग्नात मांडवामागे, आचाऱ्यांपाशी बसवलेल्याला
कुणी येऊन सांगावं, नवरी काय दिसतेय म्हणून, तसं.

बोटीत आम्हाला निळे प्लॅस्टिकचे रेनकोट.
पलीकडून दुसरी बोट आली, तिच्यात सगळे तांबडे.
नदीत मधोमध रेघ आहे म्हणे.
तुषार उडाले आणि चष्म्यातून
निळे-तांबडे सगळे जांभळे झाले.
मग चष्मा पुसला.
एक तांबडी म्हातारी हात हलवत होती.
मीही हलवला. दुसरा हात खिशातल्या पासपोर्टवर.

सदतीस वर्षं मी पर्वती जलकेंद्राचा चावीवाला.
दत्तवाडीत एक गल्ली होती,
डावीकडे पाणी सकाळी सहाला,
उजवीकडे साडेअकराला.
कुणी ठरवलं, माहीत नाही.
पाइप तसा गेला होता, एवढंच.
सातच्या आत उजवीकडच्या कळश्या
डावीकडच्या ओट्यांवर यायच्या,
आणि मी लोखंडी चावी खांद्यावर टाकून
दुसरीकडे बघत जायचो.

रशीद अत्तारनं शिकवलं होतं.
चावी खड्ड्यात उतरव. फिरव.
आटे मोज, तोंडानं मोज, मनात नको.
तिसऱ्या आट्याला थांब, हवा सुटू दे.
कान लाव दांड्याला.
पाणी आधी ऐकू येतं खुटवड, दिसतं मग.
घाई केलीस तर पाइपला उचकी लागते
आणि ती पार शेवटच्या घरापर्यंत जाते.

रात्री पुन्हा गेलो, दिवे बघायला.
गुलाबी पाणी, हिरवं पाणी.
मी पौर्णिमेला म्हटलं, प्रवाह कमी झालाय.
"बाबा, धबधबा आहे तो, नळ नाही."
निरंजननं मोबाइलवर शोधलं, आणि गप्प झाला.
मग वाचलं:
दोन देशांचा करार आहे.
रात्री, बघणारे गेले की,
बरंचसं पाणी वळवतात, विजेसाठी.
सकाळी परत सोडतात.

मी कठडा धरला.
लोखंड थरथरत होतं.
वाकून कान लावला.
पौर्णिमा इकडेतिकडे बघायला लागली.

म्हणजे आहे तर कुणीतरी.
एवढ्या मोठ्या पाण्यावर, रात्रपाळीला.
"कॉम्प्युटर असेल हो, बाबा."
असेल.
पण लोक यायच्या आत पाणी सोडायचंय
ही धास्ती काही कॉम्प्युटरला नसते.
मला त्याला एकच विचारायचं होतं,
उशीर झाला तर तुम्हाला शिव्या कोण देतं,
या काठाचे की त्या काठाचे?

हे रशीदला सांगायचं होतं.
तो पोटावर हात ठेवून हसला असता,
मग म्हणाला असता, किती आट्यांचा असेल रे तो?
मी परतलो त्याच्या आदल्या महिन्यात गेला.

सोसायटीत विचारतात, केवढा आहे हो नायगारा?
मी सांगतो, बंद करता येईल एवढा.
त्यांना वाटतं, म्हाताऱ्याला काही आवडलं नाही.

निळा रेनकोट आता स्कूटरवर घालतो.
आज गुरुवार, पाणी नाही.
उद्या पहाटे येईल,
आधी नळातून नुसती हवा,
मग खाकरल्यासारखं काहीतरी गढूळ,
आणि मग भिंतीतल्या पाइपला ती उचकी.
नवीन पोरगा आहे खड्ड्यावर.
अंथरुणात पडल्या पडल्या मी मोजतो,
एक, दोन,
अरे थांब.