पाठमोरं

परवानगीच्या कागदावर तिसरी ओळ होती:
रुग्णाचा चेहरा दिसता कामा नये.
म्हणून आमच्या फिल्मभर माना आहेत,
कानांच्या पाळ्या, खांद्यावरचा पांढरा पंचा,
फरशीवर पडत जाणारे केस.

लहानपणी चिपळूणला आम्ही एकमेकांना म्हणायचो,
तुला ठाण्याला पाठवायला हवं.
आता मीच ठाण्यात राहते, तीन हात नाक्याच्या अलीकडे,
ट्रायपॉड खांद्यावर टाकून त्याच फाटकातून आत जाते
आणि वॉचमन वहीत माझी वेळ लिहितो.
आतची. मग बाहेरची.

केरबा काशीद, वय बहात्तर, कोपरी.
एकतीस वर्षं इथे वॉर्डावॉर्डातून केस कापले.
निवृत्तीला चौदा झाली,
आमच्यासाठी एक दिवस पुन्हा खुर्ची मांडली.
मी विचारलं, चेहरे आठवतात का मामा?
प्रश्न पाठ करून नेला होता.
ते म्हणाले, अहो, मीही त्यांना मागूनच बघितलंय.
माणूस मी भोवऱ्यावरून ओळखतो.
दोन भोवरे म्हणजे दोन लग्नं, असं म्हणतात ना,
बावीस नंबरच्या कॉटवरच्याला दोन होते.
एकही नाही झालं.

उत्तर संपलं की लगेच पुढचं विचारायचं नसतं.
पाच मोजायचे.
शांतता माणसाला सोसत नाही,
तो आपणहून जवळ येतो, मांजरासारखा.
मी नऊपर्यंत मोजलं.

तो म्हणायचा, मागचे जरा राहू द्या हो,
आई आली तर ओळखता यायला नको?
दर महिन्याला म्हणायचा.

आणि तुम्ही राहू द्यायचात?

छे. झिरो मशीन. उवांचा नियम होता.

रात्री दीडला, घरी जेवणाच्या टेबलावर,
टाइमलाइनमध्ये त्या वाक्यानंतर एक भोक दिसत होतं.
तिथे मी मामांचे डोळे लावले, भरून आलेले.
ते दुसऱ्या दिवशीचे होते.
सुनेने मोतीबिंदूचे थेंब घातले होते
आणि लाइट लागेपर्यंत कॅमेरा चालूच राहिला होता.
म्हणजे खोटं असं काही नाही:
डोळा त्यांचा, ओल त्यांची,
फक्त जागा माझी.

निर्माता फोनवर म्हणाला, इथे काटा आला अंगावर.
म्हणाला, खाली व्हायोलिन टाकू या.
मी ठाम नाही म्हटलं
आणि त्या रात्री प्रामाणिक माणसासारखी झोपले.

कोपरीत त्यांच्याच पलंगावर लॅपटॉप ठेवून दाखवली.
सून दारात उभी, हाताला कणीक.
ती जागा आली. गेली.
थांबवा, मामा म्हणाले. जरा मागे घ्या.
हा शर्ट त्या दिवशीचा नाही.

मी काहीबाही बोलले. लय, प्रेक्षक, भावना.
गिऱ्हाइकाचं ऐकतात तसं त्यांनी ऐकून घेतलं.
मग म्हणाले,
कापलेलं कळता कामा नये, बरोबर आहे तुमचं.
आमच्यातही तेच.
पण आम्ही शेवटी मागे आरसा धरतो. विचारतो, ठीक आहे ना?

थोड्या वेळाने, स्क्रीनकडे न बघता:
तिथे आरसा न्यायला बंदी होती.
तेवढं राहिलं.

सून म्हणाली, चहा टाकते.

तो शॉट मी काढला. दोन दिवसांनी परत लावला.
आज पुन्हा काढलाय.
तिथे आता काळा पडदा आहे
आणि शूटिंग संपताना घेतलेली खोलीची शांतता,
तीस सेकंद, कुणी हलू नका असं बजावून घेतलेली:
पंखा, भिंतीपलीकडचा हायवे, गळका नळ,
आणि मामांच्या हातातली कात्री,
त्यांनाही कळलं नसावं,
हवेतच
उघडतेय, मिटतेय.