कोरी पट्टी

मोतीकाकांच्या ऑसिलोस्कोपला तीन खण.
दोन भरलेले. तिसऱ्यात वर्तमानपत्राचा बोळा,
झुरळं शिरू नयेत म्हणून.

त्या खणातलं मॉड्यूल त्यांनीच मांडलं होतं,
पुण्याच्या कारखान्यात, शहात्तर साली:
इतकं सावकाश, की ठिपक्याला
पडदा ओलांडायला बारा तास लागावेत.
साहेब म्हणाले, एवढी वाट कोण बघतं, कुबल?
फाइल मिटली.
पुढच्या पट्टीवर अक्षरं कोरायची राहिली.
चार नॉब, कुठला कशाचा
ते फक्त त्यांच्या बोटांना ठाऊक.

आचऱ्याला आले ते ट्रंकेत, शर्टांच्या घडीत
ते अर्धंमुर्धं घेऊन.
इथली हवा खारी. संपर्काचे दात हिरवे पडत,
मी शाळेतल्या खोडरबरानं घासून द्यायचे.
कपॅसिटर बदलून बदलून पाच वर्षं गेली.
रेघ वाकायची.
काका म्हणायचे, घाईत गळती दिसत नाही,
सावकाश चाललं की
थेंबाथेंबाचा हिशेब लागतो.

मग परवा, अष्टमीला.
उधाण नको, पडद्याबाहेर जाईल; भांगाचं पाणी बरं.
पिरावाडीच्या जेटीला तुटक्या जाळ्याचा बोया,
बोयाला दोरी, दोरीला रेडिओचा जुना व्हॉल्यूम,
तिथून वायर
सत्यभामेच्या सुकत्या बांगड्यांवरून आमच्या पडवीत.
ती म्हणाली, "भरती माज्या पायांक कळता.
तुमका ह्यो पेटारो कित्याक?"
"तेकाच शिकवतंय," काका म्हणाले.

तिथीची पाऊणपट: आठ पाऊण सहा.
सहाला पाणी भरलेलं, ठिपका सोडला.
बघत बसलं तर हलत नाही,
चहा ठेवून आलं तर नखभर पुढे.
मध्यरात्री रेघ तळाला टेकली,
क्षणभर (क्षण कसला, वीस मिनिटं) तिथेच रेंगाळली,
आणि वर बघू लागली.
काकांनी चष्मा पुसला. दोनदा.

चार वाजून दहा मिनिटांनी लाइट गेली.

पडद्यावर हिरवं काहीतरी होतं अजून,
मग तेही नव्हतं.
फोटो काढायचं दोघांनाही सुचलं नव्हतं.
अंधारात जेटीखाली पाणी चढत होतं,
ते ऐकू येत होतं.

सकाळी सत्यभामा टोपली घेऊन दारात.
"झालो शिकान?"
"दोन तास रवले."

पट्टी अजून कोरीच आहे.
दुसऱ्या नॉबशेजारी मी
नेलपॉलिशचा एक ठिपका दिलाय.
त्यांनी तो पुसलेला नाही.