इमान

आमच्या तारामुंबरीत विमानाला इमान म्हणतात.
जेटीवर जाळं सांधणारा गजातात्या रोज विचारतो,
"काय गे, तुजा इमान खंय हा?"
मी म्हणते, "येतला, तात्या."
आधी थट्टेत विचारायचा.
आता जरा जपून,
घरातल्या आजाऱ्याची चौकशी करावी तसं.

आई शेजारणीला सांगते,
माजां चेडू इमानाचां शिकलां.
शेजारीण विचारते, म्हणजे हवाईसुंदरी?
आई गप्प होते. मीही.
नाहीतरी समजावणार काय:
वरून फुगीर, खालून सपाट,
आणि या दोन्हींच्या मधून पसार झालेली चार वर्षं?

आम्ही बासष्ट जण होतो.
तन्वीर मुकादम पुण्यात बँकेचं सॉफ्टवेअर तपासतो,
मृण्मयी क्लासमध्ये तेच शिकवते
जे शिकून आम्ही घरी बसलो.
एकजण ड्रोन घेऊन हापूसवर फवारणी करतो,
पावसात तेही बंद.
खऱ्या विमानापाशी पोचला फक्त विभव.
नाशिकला गोदामात रिव्हेट मोजतो,
कंत्राटावर,
अकरा महिन्यांचा.

मला आलेली पत्रं सगळी सभ्य होती.
अनुभव दोन वर्षं हवा.
मोठ्या प्रकल्पांची दारं निराळी,
त्यांना निराळ्या परीक्षा, तीन जागा,
आणि त्या तिघांमध्ये आपण नसतो.
बेंगळुरूला दोनदा जाऊन आले.
दुसऱ्या वेळी गाडी पहाटे कणकवलीला लागली,
आणि मला उतरावंसंच वाटेना.

आता कोयंड्यांच्या शेडमध्ये जाते.
फायबरच्या होड्या.
साच्यावर काचेची चटई अंथरायची, रेझिन ओतायचं,
मग रोलर फिरवायचा,
बुडबुडा राहिला की तिथेच तडा जातो.
चार वर्षं हवेबद्दल शिकले
आणि दिवसभर हवा बाहेर काढते.

गेल्या मे महिन्यात मी नाळीकडची चटई
तिरकी लावली, पंचेचाळीस अंशात.
कोयंडे म्हणाले, कापड फुकट घालवलंस.
त्या होडीने पावसाळ्याआधी खडकाला टक्कर दिली
आणि परत आली ती फक्त रंग खरवडून.
कोयंडे काही बोलले नाहीत.
शनिवारी पाकिटात पन्नास रुपये जास्त होते, रोजावर.
माझी पहिली बढती.
मी ती कुठल्याच अर्जात लिहिलेली नाही.

पठारावर पवनचक्क्या दिसतात शेडमधून.
एक बरेच दिवस थांबलेली आहे.
तिच्या पात्याचा छेद मला पाठ आहे,
डोळे मिटून काढून दाखवीन.
विचारत कोण नाही.

आज दुपारी हार्डनर मिसळला होता,
हातात वीस मिनिटं,
त्यानंतर रेझिन कुणाचंच ऐकत नाही.
खिशात फोन वाजला.
बाबली मेथरने तो दोन बोटांनी बाहेर काढला
आणि नंबर वाचला: शून्य, आठ, शून्य...
बेंगळुरूचा.
कर्जवालाही असू शकतो. ते तिथूनच करतात.

माझे दोन्ही हात कोपरापर्यंत चिकट,
नाळ अर्धी भिजलेली, अर्धी कोरडी.
बाबली म्हणाला, "धरू काय कानाक?"

बाहेर गजातात्याने सुईतला दोरा दाताने तोडला
आणि तो आमच्याकडे बघत राहिला.

मी रोलर थांबवला नाही.
मान तेवढी तिरकी केली.
"धर."