एच बारा

प्लेटला शहाण्णव खळगे असतात.
त्या मंगळवारी रबाळ्याच्या लॅबमध्ये चौऱ्याण्णव भरले.
फरझाना म्हणाली, किट वाया कशाला घालवतेस,
तुझंच घाल.
मी दंडाला रबर बांधलं, मूठ वळली,
आणि थोड्या वेळाने एच अकरामध्ये
माझं सीरम सोडलं.
एच बारा कोरा राहिला.

चिकनगुनियाची तपासणी.
आयजीएम म्हणजे चालू असलेलं भांडण,
आयजीजी म्हणजे मिटलेलं,
ज्याची पावती शरीर जपून ठेवतं.
शिकाऊ पोरांना मी असंच सांगते.

अंधारात ठेवलेली आयजीजीची प्लेट बाहेर काढली.
अकराव्यात निळा. गडद.
आम्ल घातलं, पिवळा झाला,
गोठिवलीच्या हळदीत नवरदेवाच्या मानेवर
चार दिवस राहतो तसला पिवळा.

मला कधी झाला होता?

मग हातांना आठवलं, माझ्या आधी.
बारा वर्षांपूर्वीचा भादवा.
घरातून रोज साठ डबे जायचे, एमआयडीसीतल्या पोरांचे.
पहाटे चारला भाकरीचं पीठ परातीत दगड व्हायचं,
बादलीची कडी धरवायची नाही,
जिना मी बसून बसून उतरायची
आणि कोणी दिसलं की पायरी पुसल्यासारखं करायची.
अंग तापायचं. म्हटलं, शेगडीची धग.
जावेच्या पर्समधल्या चार गोळ्या चोरल्या.
सगुणाबाय म्हणाल्या,
"नव्या नवरीचे हात दुखतान, आयकला नव्हता कवा."
मी मान खाली घातली
आणि त्यांचं ते मत
पुढे बारा वर्षं माझंही होतं.

आता माझ्याकडे पुरावा होता.
प्रिंट काढली, चार घड्या घातल्या.
रिक्षात वाक्य जुळवत आले:
तेव्हा कोणी विचारलंत का?

सगुणाबाय मागच्या दारी करंदी सोलत होत्या.
वाटी गुडघ्यांत धरलेली,
कारण डाव्या हाताची बोटं पुरती मिटत नाहीत.
किती वर्षं बघत होते मी ती बोटं.
वयाची म्हणत होते.

कागद पर्समध्येच राहिला.
दुसऱ्या दिवशी सुई घेऊन आले.
साखर बघायचीय, म्हटलं. खोटं.
शीर सापडेना, त्या दुसरीकडे बघत राहिल्या,
इस्स म्हणाल्या नाहीत.

शुक्रवारची प्लेट. एच बारा.
माझ्याहून गडद.

मागच्या बाजूला निळा पिंप असायचा,
नळ एक दिवसाआड यायचा तेव्हाचा.
एकाच डासाने असेल का?
प्लेट तारीख सांगत नाही,
डास तर नाहीच नाही.
पण साठ डबे मला माहीत आहेत.
तीस त्यांचे, तीस माझे,
मधे एक परात, आणि दोघी
एकमेकींना ऐकू जाऊ नये म्हणून
गिळत होतो.

रजिस्टरमध्ये नावाच्या रकान्यात
मी दोन्हींपुढे "घरचं" लिहिलं.

त्यांना सांगितलं. साखरेचंही सांगितलं.
त्या बराच वेळ कोलंबीच्या एका डोक्याशी झटत राहिल्या.
मग म्हणाल्या, "तुला पन झालता?
मंग बोलली का नाय गो?"

माझंच वाक्य. रिक्षातलं.

मी वाटी घेऊन खाली बसले.
खाली बसायला आम्हा दोघींनाही
जरा वेळ लागतो.